भिंतीतल्या जुन्या जीन्स: ऊब मिळते, पण हिशेब कोण चुकता करतं?

ती रील तुमच्याही फीडमध्ये येऊन गेली असेल. जुन्या जीन्सचा ढीग मशीनमध्ये जातो, दुसऱ्या टोकाकडून निळसर कापूस बाहेर पडतो, आणि मग हसरं जोडपं त्याच्या गाद्या जंगलातल्या लाकडी केबिनच्या भिंतीत बसवतं. बाहेर बर्फ, आत कॉफी. तीस सेकंदांत घरही उबदार आणि पृथ्वीही वाचली.

हेच काम मी गेल्या ऑक्टोबरमध्ये स्वतःच्या हातांनी केलं. मला तीस सेकंद नाही, नऊ दिवस लागले. माझी मावसबहीण उत्तर फ्रान्समधल्या लील शहरात राहते. तिच्या सासऱ्यांचं आर्देनच्या जंगलाकडे, बेल्जियमच्या सीमेलगत, एक जुनं लाकडी सुट्टीघर आहे. दोन खोल्या, एक माळा, वर्षातून फार तर चाळीस दिवसांचा वापर. थंडीत तिथे राहणं म्हणजे शिक्षा. ताई म्हणाली, "फिरायला येतोच आहेस, तर दोन हात लाव." तिचे मिस्टर फ्रेंच आहेत, पण मी त्यांना दाजीच म्हणतो, आणि त्यांनाही आता ते आपलं नावच वाटतं.

काम करताना दोन प्रश्न डोक्यात होते. पहिला सरळ आहे: कपड्यांच्या चिंध्यांनी घर खरंच उबदार राहतं का? दुसरा मला तिथे गेल्यावर पडला: हा माल इतका चांगला असेल, तर त्यासाठी कपडे गोळा करणारी माणसं जुलै २०२५ मध्ये रस्त्यावर का उतरली होती?

गोधडीचंच तंत्र

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आपल्या प्रत्येकाच्या घरात घडी घालून ठेवलेलं असतं. गोधडी. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक ठेवून टाके घातले की जी ऊब मिळते, ती कापडाची नसते. थरांमध्ये अडकून स्थिर झालेल्या हवेची असते. हवा हलली नाही तर ती उष्णता फार कमी वाहून नेते. इन्सुलेशनचं सगळं शास्त्र म्हणजे हवेला जागच्या जागी बसवून ठेवणं.

आकड्यांत बघा. पदार्थातून उष्णता किती सहज जाते, हे वॉट प्रति मीटर प्रति केल्विन या एककात मोजतात. आकडा जितका लहान, तितकं चांगलं. स्थिर हवा साधारण ०.०२५, पाइनसारखं मऊ लाकूड ०.१३, काचेचा कापूस म्हणजे ग्लासवूल ०.०३२ ते ०.०४०. आणि जुन्या कपड्यांपासून केलेल्या गाद्या? साधारण ०.०३९. म्हणजे चमत्कार वगैरे काही नाही, ग्लासवूलच्या बरोबरीनं चालतात. पण बरोबरीनं चालतात हेच मोठं आहे, कारण ग्लासवूलसाठी काच हजार अंशांपेक्षा जास्त तापवून वितळवावी लागते. इथे मात्र काम पिंजाऱ्याचं. कपड्यांची बटणं, झिपा, रिव्हेट काढायची, तुकडे करायचे, काटेरी रोलरवर पिंजून पुन्हा तंतू करायचे. त्यात साधारण १५ टक्के पॉलिएस्टरचे तंतू मिसळून भट्टीतून काढायचं. ते पॉलिएस्टर वितळून डिंकासारखं काम करतं आणि गादी आकार धरते. आगीपासून आणि बुरशीपासून बचावासाठी वेगळी प्रक्रिया असते. ती का महत्त्वाची, ते पुढे सांगतो.

आमच्या घराच्या भिंती म्हणजे २८ मिलिमीटरच्या फळ्या. मी मोबाइलवरच ढोबळ गणित मांडलं. भिंतीचं क्षेत्रफळ सुमारे ४० चौरस मीटर. बाहेर ५ अंश आणि आत २० अंश ठेवायचे, तर नुसत्या फळ्यांमधून साधारण १,५०० वॉट उष्णता सतत बाहेर जाते. दीड हजार वॉटचा हीटर फक्त भिंतींसाठी अखंड चालू ठेवण्यासारखं. चौकटीच्या उभ्या खांबांमध्ये १० सेंटिमीटरच्या गाद्या बसवल्या की हाच आकडा अडीचशेच्या आसपास येतो. (लाकडी खांबांतून उष्णता जातच राहते, ती धरून. रीलमध्ये खांब कुणी मोजत नाही.)

आता सुट्टीघराचा खास मुद्दा. वर्षभर राहत्या घरात कोणतंही इन्सुलेशन बसवा, ते बनवताना झालेलं प्रदूषण वाचलेल्या इंधनातून लवकर भरून निघतं. पण वर्षात चाळीस दिवस उघडणाऱ्या घरात बचतच थोडी. मग माल बनवताना काय जाळलं, याला जास्त वजन येतं. म्हणून चिंध्यांच्या गाद्या राहत्या घरापेक्षा सुट्टीघरात जास्त शोभतात, असं माझं मत आहे. फ्रान्समध्ये दर दहा घरांमागे साधारण एक घर असं दुसरं घर आहे, त्यामुळे हा काही मूठभर श्रीमंतांचा विषय नाही. किंमत मात्र ग्लासवूलपेक्षा जास्त पडते, हेही सांगून टाकतो. दाजींनी बिल बघितलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा होता.

दगाफटका होतो तो पाण्यामुळे

गाद्या बसवणं अवघड नाही. खांबांमधल्या अंतरापेक्षा सेंटिमीटरभर रुंद कापायच्या आणि दाबून बसवायच्या, की त्या आपोआप धरून राहतात. कापणं हाच खरा ताप. साध्या कटरला धागे गुंडाळतात आणि कटर जागीच अडकतो. पहिल्या दिवशी मी दोन गाद्या अक्षरशः फाडल्या. शेवटी बारीक दातांच्या विजेच्या करवतीनं काम सरळ झालं. ग्लासवूलसारखी अंगाला खाज सुटत नाही, पण धूळ भरपूर उडते, मास्क लागतोच.

पण नऊ दिवसांपैकी पाच दिवस गेले ते गाद्यांवर नाही, तर त्यांच्या आतबाहेरच्या दोन पडद्यांवर. हा भाग रीलमध्ये कधीच नसतो.

झालं असं होतं की या घरात न्हाणीघराच्या भिंतीला काही वर्षांपूर्वी एका कारागिरानं इन्सुलेशन केलं होतं. आम्ही ती भिंत उघडली तेव्हा मागच्या फळ्या काळ्या पडल्या होत्या आणि हातानं चुरा होत होता. सासरे काही बोलले नाहीत. नुसता चुरा बोटांवर घेऊन बघत राहिले. त्या फळ्या त्यांनी स्वतः तरुणपणी ठोकल्या होत्या.

असं का झालं? हे नीट समजून घ्या, पुढे आपल्याकडच्या घरांसाठीही लागेल. २० अंशांची, ६५ टक्के आर्द्रतेची हवा साधारण १३ अंशांपर्यंत थंड झाली की तिच्यातलं बाष्प पाणी व्हायला लागतं. याला दवबिंदू म्हणतात. जुन्या उघड्या भिंतीत फळीची आतली बाजू, बाहेर ५ अंश असताना, जवळपास १५ अंश असायची. म्हणजे थोडक्यात बचाव. फार थंडी पडली तर फळीला घाम फुटायचा, पण तो समोर दिसायचा, पुसता यायचा, शेकोटीनं सुकायचा. आता गादी बसवली की खोलीची ऊब फळीपर्यंत पोहोचतच नाही. फळी बाहेरच्या हवेइतकी थंड होते. स्वयंपाकाची, आंघोळीची, श्वासाची वाफ मात्र फटींतून गादीत शिरते, मागे थंड लाकडाला लागते आणि तिथे पाणी होतं. कुणाला दिसत नाही. घर जितकं चांगलं इन्सुलेट केलं, तितकी मागची फळी थंड, तितका धोका मोठा.

सुट्टीघराची सवय याला आणखी खतपाणी घालते. शुक्रवारी रात्री सहा अंशांच्या घरात आठ माणसं शिरतात, हीटर फुल्ल, पास्ता उकळतोय, ओली जॅकेटं लटकतायत. रविवारी दुपारी कुलूप. भिंतीत गेलेलं पाणी तीन आठवडे तसंच.

म्हणून आतल्या, म्हणजे उबदार बाजूला एक खास पडदा लावतात. तो वाफेला अडवतो, आणि चांगल्या प्रतीचा असेल तर उन्हाळ्यात भिंत आतल्या बाजूलाही सुकू देतो. प्रत्येक सांधा टेपनं बंद, विजेच्या प्रत्येक वायरभोवती वेगळी टेप. बाहेरच्या बाजूला पाऊस अडवणारा पण वाफ बाहेर सोडणारा दुसरा पडदा, आणि त्याच्यापुढे फळीपर्यंत दोन सेंटिमीटर मोकळी हवा. कापूस आणि लोकर थोडा ओलावा शोषून पुन्हा सोडू शकतात, हा या गाद्यांचा गुण आहे. पण तो गुण लहान चुका सांभाळून घेतो, पडदाच लावला नाही तर काही करू शकत नाही. त्या जुन्या भिंतीत पडदा नव्हताच.

मी पुण्याहून नेलेले दोन ब्लूटूथ आर्द्रतामापक इथे कामी आले. प्रत्येकी हजार रुपयांच्या आतले. एक खोलीत टांगला, एक पडद्यामागे गादीत पुरून ठेवला. ताईच्या जुन्या फोनवर ॲप टाकून तो फोन तिथेच चार्जिंगला लावून ठेवला. भिंतीच्या आत काय चाललंय हे भिंत न फोडता कळतं.

इथेच एक कळकळीची सूचना. आपल्याच कपाटातले जुने कपडे पिशव्यांत भरून भिंतीत कोंबण्याचे व्हिडिओही फिरतायत. ते करू नका. प्रक्रिया न केलेला कापूस आग धरला की ज्वाळेविना आतल्या आत धुमसत राहतो, आणि भिंतीतली धुमस बाहेर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. शिवाय कोंबलेले कपडे काही महिन्यांत खाली बसतात, वर पोकळी राहते, आणि उंदरांना आयतं बाळंतघर मिळतं.

चिंध्या वाढल्या, धंदा बसला

आता दुसरा प्रश्न. आम्ही कचरा टाकायला गावात जायचो तिथे कोपऱ्यावर कपडे टाकायची एक मोठी पेटी होती. "ही पेटी जुलैमध्ये बघायला हवी होतीस," ताई म्हणाली. "तोंडापर्यंत भरून पिशव्या फुटपाथवर आल्या होत्या."

अशा पेट्या ठेवणारी फ्रान्समधली सगळ्यात मोठी संस्था म्हणजे 'ल रले'. सुरुवात १९८४ मध्ये पा-द-कॅले भागात झाली, जिथे कोळशाच्या खाणी बंद पडत होत्या आणि माणसं बेकार होत होती. कल्पना अशी की जुने कपडे गोळा करायचे, आणि वर्गवारीच्या कामावर अशा माणसांना घ्यायचं ज्यांना दुसरीकडे कुणी दारात उभं करत नाही. संस्था सहकारी आहे. देशभरात तिच्या सुमारे २२,००० पेट्या आहेत. कपड्यांच्या गाद्या करण्याचं काम याच संस्थेनं बिली-बेर्क्लो या गावी उभं केलं, 'मेतिस' या नावानं.

जुलै २०२५ मध्ये ल रलेनं कपडे गोळा करणं थांबवलं. कामगारांनी कपड्यांचे ढीग नेऊन मोठ्या दुकानांच्या दारांत ओतले. भांडण पैशांचं होतं. फ्रान्समध्ये कपडे विकणाऱ्या कंपन्यांना प्रत्येक नगामागे छोटी रक्कम भरावी लागते. ती 'रिफॅशन' नावाच्या संस्थेकडे जमते, आणि तिथून वर्गवारी करणाऱ्यांना टनामागे मदत मिळते. ल रलेचं म्हणणं होतं की आम्हाला टनाला १५६ युरो मिळतात आणि गरज आहे ३०४ युरोंची. सरकारनं मध्ये पडून २०२५ साठी २२३ आणि २०२६ साठी २२८ युरो जाहीर केले. पेट्या पुन्हा उघडल्या.

वरवर बघता हे कोडं आहे. कच्चा माल फुकट मिळतो आणि दरवर्षी वाढतोय. १ जानेवारी २०२५ पासून तर युरोपीय संघात कापड-कपड्यांचा कचरा वेगळा गोळा करणं देशांना बंधनकारक झालंय. मग चिंध्यांपासून वस्तू करणाऱ्यांची चांदी व्हायला हवी. उलटं का झालं?

कारण चिंध्यांचा खर्च कधीच चिंध्यांनी भरून काढलेला नाही. पेटीत येणाऱ्या पिशवीत वर थोडे एकदम चांगले कपडे असतात. ते फ्रान्समधल्याच जुन्या कपड्यांच्या दुकानांत विकले जातात. त्याखालचा मोठा भाग परदेशात, विशेषतः आफ्रिकेत जातो. या दोन थरांच्या कमाईवर गाडी, ड्रायव्हर, वर्गवारीचे पट्टे, माणसांचे पगार चालतात. गादीला जातात ते तळातले, फाटके. आता वरचा थर विरळ झालाय. एक तर चांगला ड्रेस असेल तर लोक तो पेटीत टाकत नाहीत, फोनवरून ॲपवर विकतात. आणि जे टाकतात ते चार धुण्यांत गोळे आलेलं पॉलिएस्टर. तिकडे आफ्रिकेच्या बाजारात आशियातले कोरे कपडेच इतके स्वस्त झालेत की जुन्याला भाव उरला नाही.

गादीवाल्यालाही हा नवा ढीग फारसा उपयोगी नाही. त्याला हवी जाड सुती जीन्स. आजच्या जीन्समध्ये ताणाला इलॅस्टेन असतं, ते पिंजताना रबरासारखं ओढलं जातं. एक टन नवा कचरा म्हणजे एक टन कच्चा माल नव्हे, हे या वादातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आमच्या भिंतींचं गणित सांगतो. खांब वगळून साधारण साडेतीन घनमीटर गाद्या लागल्या. घनमीटरला २० किलोच्या हिशेबानं सत्तर किलोंच्या आसपास, त्यातलं पॉलिएस्टर वजा केलं तर साठेक किलो जुनं कापड. म्हणजे शंभरेक जीन्स. आता भांडण ज्या फरकाचं होतं, तो टनाला १४८ युरो. एका जीन्समागे नऊ सेंट, आपले साधारण नऊ रुपये. टीशर्टमागे दोन-अडीच रुपये. एवढ्यासाठी पेट्या बंद पडल्या होत्या. मान्य, साठ किलो योग्य कापड मिळवायला त्याच्या कितीतरी पट कपडे हाताळावे लागतात, त्यामुळे गणित इतकं सरळ नाही. तरीही वीस युरोंचा टीशर्ट विकणाऱ्याला हे ओझं वाटावं, हे मला पटलेलं नाही.

पुढची हालचाल दोन दिशांनी आहे. युरोपीय संघानं कपडे विकणाऱ्यांवर ही जबाबदारी टाकणारा नियम सप्टेंबर २०२५ मध्ये मंजूर केला. तो १६ ऑक्टोबरपासून लागू झाला आणि सदस्य देशांना व्यवस्था उभी करायला ३० महिने आहेत. दुसरीकडे अतिस्वस्त, झटपट फॅशनला वेसण घालणारं विधेयक फ्रान्सच्या लोकसभेत मार्च २०२४ मध्ये आणि वरच्या सभागृहात जून २०२५ मध्ये संमत झालं, पण दोन्ही मसुदे एकसारखे नाहीत. माझ्या मते गाद्यांचं भवितव्य पहिल्यापेक्षा दुसऱ्यावर जास्त अवलंबून आहे. टनामागची मदत वाढवली की वर्गवारी तगेल. पण पेटीत सुती जीन्सऐवजी गोळे आलेलं पॉलिएस्टरच येत राहिलं तर पिंजायचं काय?

कर्जतच्या केबिनमध्ये चालेल का?

हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच, म्हणून आधीच सांगतो. मुळशी, कर्जत, कोलाडकडे त्रिकोणी लाकडी केबिनचं पीक आलंय, आणि बहुतेक ठिकाणी एसी आहे. तिथे भिंतीची गोष्ट उलटी होते. पावसाळ्यात बाहेरची हवा दमट आणि उष्ण, आतली थंड. वाफ बाहेरून आत येते आणि एसीनं गार झालेल्या आतल्या पृष्ठभागामागे पाणी होतं. आर्देनचा व्हिडिओ बघून आतून प्लास्टिकचा पडदा किंवा चकचकीत विनाइल वॉलपेपर लावलात, तर ते पाणी तिथेच कोंडलं जाईल. आपल्याकडे आतली बाजू श्वास घेणारी हवी आणि पैसे आधी छतावर घालावेत, कारण उन्हाचा मारा तिथे आहे.

मालाचं म्हणाल तर जुनं कापड पिंजून नवा माल करण्यात आपण कुणाच्या मागे नाही. पानिपतला जगभरातून लोकरी आणि ॲक्रिलिक कपडे येतात आणि त्यांच्या चादरी-ब्लँकेटं होतात. युरोपातून निघालेल्या पिशव्यांपैकी काही तिथेच पोहोचतात. वर्गवारी करणारी माणसंही आपल्याकडे पिढ्यानपिढ्या आहेत. भांड्यांच्या बदल्यात जुन्या साड्या नेणारी बोहारीण आठवते ना? फरक एवढाच की फ्रान्समध्ये वर्गवारी करणाऱ्याला टनामागे किती द्यायचं यावर भांडता येतं, कारण देणारा कोण हे कायद्यानं ठरलंय. आपल्याकडे प्लास्टिक, ई-कचरा, बॅटरी, टायर यांच्या उत्पादकांवर अशी जबाबदारी आहे. कपड्यांच्या उत्पादकांवर नाही. बोहारणीनं कुणाच्या दारात ढीग ओतायचा?

परवा ताईनं स्क्रीनशॉट पाठवला. बाहेर उणे चार, खोलीत एकोणीस अंश, पडद्यामागे आर्द्रता ६८ टक्के आणि तीन दिवस रेष सपाट. खाली तिनं लिहिलंय, सासरे रोज सकाळी चहाच्या आधी हा आकडा विचारतात. माळ्याच्या छताला अजून गाद्या बसवायच्यात. त्या दुकानदाराकडे सध्या शिल्लक नाहीत, म्हणे मार्चमध्ये येतील.